सव्विसावी दाढी

कोरडेकाकांचं आडनाव कोरडे नव्हतं. हे मला शाळेत लागल्यावर चांगलं दीड वर्षाने कळलं, तेही पगारपत्रकावर त्यांची सही बघून. प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांना तेवीस वर्षं झाली होती, आणि या तेवीस वर्षांत त्यांनी मुलींना दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य ऐकवलं होतं: "कोरडं करून ठेवा." परीक्षानळी धुतलीत? कोरडी करून ठेवा. चिमटा वापरलात? कोरडा करून ठेवा. कुठल्यातरी जुन्या वर्गाने त्यांना कोरडेकाका म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की ऑफिसातल्या नव्या कारकुनाने स्वतःच्या लग्नाची पत्रिका 'श्री. व सौ. कोरडे' अशीच पाठवली. काका लग्नाला गेले, पोटभर जेवले आणि आहेराच्या पाकिटावरही तेच नाव घालून आले. मी विचारलं, तर म्हणाले, "उगाच त्याच्या यादीत घोळ कशाला?"

माणूस मात्र स्वभावाने अजिबात कोरडा नव्हता. हसायला लागले की खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

मी तिथे विज्ञान शिकवत होते. काका माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला 'बाई'च म्हणायचे. फळ्यावर मी जे शिकवायचे ते टेबलावर मांडून ठेवण्याचं काम त्यांचं. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी निम्मे प्रयोग माझ्या हातून फसले असते. काका शेजारी उभे राहून हळूच "बाई, वात जरा खाली" असं पुटपुटायचे म्हणून माझी अब्रू राहिली.

निसर्गाने काकांना एक गोष्ट सढळ हाताने दिली होती, ती म्हणजे दाढी. तारेच्या घासणीसारखी दाढी. सकाळी सातला गुळगुळीत केलेला गाल चौथ्या तासाला निळसर दिसायला लागायचा. एक ब्लेड त्यांना जेमतेम तीन दाढ्या पुरायचं. चौथ्या दाढीला ते मान टाकायचं आणि काका हनुवटीवर वर्तमानपत्राचे चिमुकले तुकडे चिकटवून शाळेत यायचे. पहिल्या बाकावरच्या मुली ते तुकडे मोजायच्या.

"मग वाढवा ना सरळ दाढी," मी एकदा म्हटलं.

"वाढवली होती, बाई. इथे लागलो त्या वर्षी. छातीपर्यंत नाही, पण बोटभर होती. बर्नर का पेटत नाही म्हणून वाकून बघायला गेलो, आणि तो पेटला." त्यांनी डाव्या गालावरून हात फिरवला. "अर्धीच गेली. उरलेली अर्धी मी घरी जाऊन काढली. बायको दारातच म्हणाली, अहो, निम्मे कुठे राहिलात?"

तेव्हापासून प्रयोगशाळेत दाढी नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम.

त्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला गेली, वसतिगृहात राहिली. घरात काटकसर सुरू झाली. काकांनी दुपारचा चहा सोडला, सायकलचं पंक्चर स्वतः काढायला लागले. ब्लेडचा खर्च वाचवायचा म्हणून एक दिवसाआड दाढी करू लागले. असे पंधरा दिवस गेले. एकदा व्हरांड्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, समोरून आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "काका, बरं नाही का तुम्हाला?"

हे काकांना फार लागलं. प्रयोगशाळेत येऊन ते बराच वेळ एकच चंचुपात्र पुसत बसले.

"विचारपूस केली त्यांनी," मी म्हटलं.

"तेच ना. आजारी दिसतो मी. दोन रुपये वाचवायचे आणि चेहरा घालवायचा, हे काही जमायचं नाही. दाढी रोज होणार. ब्लेडचं काय ते बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी माझा मोकळा तास होता. आत गेले, तर काका सूक्ष्मदर्शकावर वाकलेले, डाव्या हातात टॉर्च तिरका धरलेला.

"काय बघताय?"

"ब्लेड. कशाने मरतं ते."

मी डोळा लावला. उघड्या डोळ्यांना सुरेख सरळ दिसणारी धार आत भलतीच दिसत होती. एखाद्या मोडक्या कुंपणासारखी, आणि काठाकाठाने तपकिरी ठिपके.

"हा गंज आहे," मी म्हटलं.

"गंजच! मला वाटत होतं, माझी दाढी ब्लेड खाते. थोडं खात असेलही, तिथे बघा एक टवका उडालाय. पण बाकीचं पाण्याने खाल्लंय. रेझर ओलाच बेसिनच्या कडेला पडलेला असतो, दिवसरात्र." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "तेवीस वर्षं पोरींच्या कानीकपाळी ओरडतोय आणि घरी स्वतः काय करतोय!"

मला स्वतःची लाज वाटली. दरवर्षी मी तीन खिळे तीन नळ्यांत ठेवून मुलींना शिकवायचे, की हवा आणि पाणी दोन्ही लागलं तरच लोखंड गंजतं. त्या नळ्या दरवर्षी काका मांडायचे. आमच्या दोघांच्याही घरात हे ज्ञान कधी शिरलंच नव्हतं.

मग काका कामाला लागले. नव्या सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आल्या होत्या. कोरडे असले की निळे, ओल पिऊन झाली की गुलाबी. एरवी आम्ही त्या टाकून देत असू. काकांनी मला विचारून दोन पुड्या घेतल्या. दाढी झाली की ब्लेड रेझरमधून काढायचं, मऊ कापडाने टिपायचं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत त्या दाण्यांच्या संगतीत ठेवायचं. टिपायचं, पुसायचं नाही. "पुसलं की धार कापडाशी भांडते," असं त्यांचं म्हणणं.

चंचुपात्रांच्या कपाटाच्या दाराला आतून ते पेन्सिलीने रेघा मारू लागले. एक दाढी, एक रेघ. तिसरी झाली, चौथी झाली, वर्तमानपत्राचा तुकडा काही दिसेना. नवव्या रेघेला ते मला बोलावून म्हणाले, "बाई, हात लावून बघा." मी संकोचले, तर म्हणाले, "गालाला नाही हो, रेघेला. ओली आहे अजून, डोळ्यातलं पाणी पडलं."

ते पहिलं ब्लेड तेराव्या दाढीला थकलं. दुसऱ्याच्या आधी काकांनी शत्रूचा अभ्यास करायचं ठरवलं. घरून चिमूटभर खुंट कागदात बांधून आणले, निम्मे कोमट पाण्यात टाकले, निम्मे तसेच ठेवले आणि एकेक केस ब्लेडखाली धरून बघितला. कोरडा केस टणक. पाच मिनिटं भिजलेला केस बिचारा निमूट कापला जायचा. तेव्हापासून दाढी अंघोळीनंतर, तोंडाला साबण लावून, पाच मिनिटं गप्प बसून.

"ब्लेड कोरडं, दाढी ओली," काका म्हणाले. "मी निम्मं आयुष्य उलटं केलं."

घरात मात्र या प्रयोगाने वेगळंच वळण घेतलं होतं.

काकू शिवणकाम करायच्या. निम्म्या शाळेचे गणवेश त्यांच्या मशीनवरून उतरलेले. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, दाराच्या मागे उंचीप्रमाणे टांगलेले निळे स्कर्ट. माझेही कपडे त्याच शिवायच्या. मी एकदा माप द्यायला गेले, तर तोंडात टाचण्या धरूनच त्या सुरू झाल्या.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगा. बटणं ठेवायची बरणी माझी. घट्ट झाकणाची म्हणून मी जपून ठेवलेली. ती या माणसाने नेली. बटणं कुठे? कागदाच्या पिशवीत. पिशवी फाटली. काल सबंध दुपार मी रांगत होते."

"दुसरी बरणी देते मी तुम्हाला," मी म्हटलं.

"बरणीचं सोडा हो. ब्लेडचं काय?"

आणि मग कळलं. काकूंचं सगळं उसवायचं काम काकांच्या जुन्या ब्लेडवर चालायचं. मुलींची उंची वाढली की स्कर्टची खालची दुमड उसवायची, कमरेच्या शिवणी सोडायच्या. ब्लेडची एक बाजू पुठ्ठ्यात धरायची आणि दुसऱ्या बाजूने टाका उडवायचा. गेली वीस वर्षं दर तीन दिवसांनी एक ब्लेड नियमाने त्यांच्या डब्यात पडत होतं. आता महिनाभरात पडलं ते एकच, आणि डब्यात कामाचं एकही उरलं नव्हतं.

"मग नवं घ्या एक."

"नवं? नवं ब्लेड टाक्याबरोबर कापडही चिरतं. मला मुरलेलं लागतं. मी यांना म्हटलं, अहो, द्या ना ते आता. तर म्हणतात, प्रयोग मध्येच थांबवता येत नाही." त्यांनी टाचणी माझ्या बाहीत खुपसली. "यांची दाढी माझ्या धंद्याच्या मुळावर उठलीये."

मला हसू आवरेना. काकूही शेवटी हसल्या, पण पुरत्या नाही.

दुसऱ्या ब्लेडने वीस ओलांडले, पंचवीस गाठले. काका शिट्टी वाजवत यायचे. आणि मग एका सकाळी ते आले ते हनुवटीवर तीन आणि ओठावर एक तुकडा चिकटवून. पहिल्या बाकावरच्या मुलींनी चक्क एकमेकींना चिमटे काढले. काकांचा चेहरा पडलेला.

"काल पंचविसावी लोण्यासारखी झाली, बाई. आज सव्विसावीला सोलून निघालो. एका दिवसात एवढं कसं होईल? काहीतरी चुकतंय माझं."

त्यांनी ब्लेड कागदात आणलंच होतं. मी पुढच्या तासाची तयारी करत होते. मागे टॉर्च लागल्याचा आवाज झाला. मग काकांचे खांदे हलताना मला कडेने दिसले. वाटलं, रडतात की काय. जवळ गेले, तर माणूस हसून हसून लाल झालेला.

"बाई, बघा. आणि मला सांगा, माझ्या दाढीला निळे केस कधीपासून आले?"

मी बघितलं. धारेच्या एका खाचेत अडकलेला एक तंतू. गडद निळा. आमच्या शाळेच्या स्कर्टचा.

मी त्या संध्याकाळी काकांबरोबर त्यांच्या घरी गेले. कपडे तयार झाले असतील, हे निमित्त. खरं कारण म्हणजे मला राहवत नव्हतं.

काकू मशीनवर होत्या. काकांनी ब्लेडचा कागद समोर ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "अगं, माझ्या ब्लेडने काल कोणाचा स्कर्ट उसवला गेला का?"

मशीन थांबलं. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"एक नाही, चार," त्या म्हणाल्या. "सोमवारी द्यायचे होते. काय करू, दातांनी उसवू? आणि परत टिपून ठेवलं होतं मी. तुमच्यासारखंच. टिपून, पुसून नाही. कसं कळलं तुम्हाला?"

"धागा सापडला."

"एवढा बारीक?"

"सूक्ष्मदर्शकाखाली दोरखंडासारखा दिसतो."

काकूंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "आणि दाढी?"

काकांनी हनुवटी वर करून दाखवली. चारही तुकडे अजून तिथेच होते. काकूंनी पदराने तोंड झाकलं, पण उपयोग झाला नाही. त्या हसल्या, काका हसले, मी तर कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. हसू जरा ओसरलं की कोणीतरी 'चार' म्हणायचं आणि पुन्हा सुरू.

मग काकूंनी डोळे पुसले, ते ब्लेड उचललं आणि म्हणाल्या, "आणा इकडे. एवढं काय त्यात. लावून देते."

"काय लावून देतेस?"

"धार."

त्यांनी फडताळातून पाणी प्यायचा काचेचा ग्लास काढला. आडवा धरला. ब्लेड आत ठेवून दोन बोटांनी काचेच्या गोलाईवर हलकं दाबलं आणि सरसर मागेपुढे चालवलं. पंधरा-वीस वेळा. पालटलं. पुन्हा तेवढंच. खोलीत बारीक किणकिण घुमत होती. बोटांना सवय असल्याशिवाय हे कोणी करू नये, हे बघूनच कळत होतं.

काका तोंड उघडं टाकून बघत होते. "हे कुठे शिकलीस?"

"आमचे अण्णा पुस्तकं बांधायचे ना. कागद कापायला दिवसाला दहा ब्लेडं लागली असती. अण्णा एकावर आठवडा काढायचे. मी सात वर्षांची असल्यापासून ग्लास धरायला बसायचे."

"वीस वर्षं माझी जुनी ब्लेडं तू अशी वापरतेस?"

"मग काय तशीच?"

"आणि मला बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत? तुम्ही शाळेत दुर्बिणीखाली बघत बसलात." काकूंनी ब्लेड प्रकाशात धरून बघितलं. "आयुष्यभर काचा पुसणारा माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

दुसऱ्या दिवशी सत्ताविसावी दाढी झाली. हनुवटी स्वच्छ. काकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मोडकं कुंपण बरंचसं सरळ झालेलं. सगळे टवके भरले नव्हते, पण वाकलेली धार उभी राहिली होती. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा काकू ग्लास घेऊन बसायच्या. काकांच्या ब्लेडवर तर हात फिरायचाच, पण डब्याच्या तळाशी पडलेली, पूर्वी निकामी म्हणून सोडून दिलेली ब्लेडंही त्यांनी बाहेर काढली. काकांनी ती नीट टिपून, सुकवून, दाण्यांच्या दुसऱ्या बरणीत भरली. काकूंचा डबा पुन्हा भरला आणि घरात तह झाला.

मी हे मोठ्या बाईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "विज्ञान प्रदर्शनात एक टेबल त्यांना द्या. दोघांना."

काकांची झोप उडाली. तेवीस प्रदर्शनांची टेबलं त्यांनी मांडली होती. एकाही टेबलामागे उभे राहिले नव्हते. त्यांनी चार वाक्यं कागदावर लिहून पाठ केली. प्रत्यक्ष दिवशी पालकांची पहिली रांग टेबलाशी आली आणि काका म्हणाले, "ब्लेड..." पुढचं सगळं गडप. तीनदा "ब्लेड" म्हणून झालं. शेवटी काकूंनी त्यांना कोपराने बाजूला सारलं.

"असं आहे," काकू म्हणाल्या, "हे म्हणतात पाण्याने धार जाते, आणि ते बरोबर आहे. मी म्हणते धार परत आणता येते, आणि तेही बरोबर आहे. आता तुम्ही इथे डोळा लावा. हे ओलं ठेवलेलं. हे टिपून ठेवलेलं. आणि हे यांचं. आज याची एक्केचाळिसावी दाढी झाली."

गर्दी जमली. शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी सोडून मुली आल्या. आयांना कात्रीचं विचारायचं होतं, बाबांना स्वतःचे गाल दाखवायचे होते. काकांची भीडही हळूहळू चेपली, ते निळे आणि गुलाबी दाणे तळहातावर घेऊन समजावायला लागले.

त्या गर्दीत एक गृहस्थ मघापासून हाताची घडी घालून गप्प उभे होते. सातवीतल्या एका मुलीचे वडील. चौकात त्यांचं सलून होतं.

"एक विचारू?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी काकांची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "उजव्या गालाचे केस तुमचे खालून वर वाढतात. डावीकडचे वरून खाली. तुम्ही दोन्हीकडे एकाच दिशेने ओढता?"

"मग? दाढी वरून खालीच करतात ना?"

"उजव्या बाजूला रोज केसांशी कुस्ती खेळताय तुम्ही. ब्लेड बिचारं तिथे मार खातं. बसा."

"इथे?"

"रेझर आहे, पाणी आहे, तुम्ही आहात. आणखी काय लागतं?"

काका स्टुलावर बसले. चंचुपात्रात कोमट पाणी आलं, कोणीतरी हात धुवायचा साबण आणला, मी प्रयोगशाळेचा धुतलेला एप्रन त्यांच्या गळ्याभोवती बांधला. सकाळची दाढी दुपारी चारपर्यंत बरीच उगवलेलीच होती. सलूनवाल्यांनी साबण चोळला, घड्याळ बघून पाच मिनिटं थांबले आणि त्याच ब्लेडने बेचाळिसावी दाढी सुरू केली. शंभरएक माणसं श्वास रोखून बघत होती. उजव्या गालावर रेझर खालून वर चालला, हलक्या हाताने, आवाजही न करता.

तोंड पुसल्यावर काकांनी उजव्या गालाला हात लावला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

"कसं वाटतंय?" मोठ्या बाईंनी मागून विचारलं.

काकूंना राहवलं नाही. एवढ्या सगळ्यांदेखत त्या पुढे आल्या आणि त्यांनी हाताची मागची बाजू नवऱ्याच्या गालावरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवली. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा!"

मुलींनी जो चीत्कार केला, तो बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. काकू कानापर्यंत लाल झाल्या आणि टेबलामागे जाऊन ग्लासाशी काहीतरी करू लागल्या. काका हसत होते, खांदे हलत होते, धुतलेल्या स्वच्छ गालांवरून पाणी ओघळत होतं.

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. तो खरंच छान पेटला होता.

ते ब्लेड पुढे अठ्ठावन्नाव्या दाढीपर्यंत चाललं. मग काकांनीच ते बदललं. मी म्हटलं, साठ तरी करायच्या होत्यात. ते म्हणाले, "अजून चाललं असतं, बाई. पण रेघेसाठी गाल सोलून घ्यायचा म्हणजे कंजुषी झाली. आपलं काम झालं."

वाचलेले पैसे काही फार नव्हते. पण काकूंनी ते वेगळे ठेवले होते, त्यात प्रदर्शनानंतर आलेल्या शिवणकामाची भर पडली, आणि सत्र संपायच्या आत दोघं बसने मुलीला भेटून आले. तिचं वसतिगृह त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दोन दिवस राहिले, तिच्या मैत्रिणींच्या कपड्यांच्या उसवलेल्या शिवणी काकूंनी तिथेच बसून घातल्या.

सोमवारी काका शाळेत आले ते मधल्या सुट्टीची वाट न बघता थेट माझ्या वर्गाच्या दाराशी.

"बाई, पोरगी फाटकात धावत आली, मिठी मारली आणि गालाला गाल लावून काय म्हणाली माहितीये? म्हणाली, बाबा, तुम्ही मला टोचत का नाही आता?"

त्या दिवशी त्यांनी मला हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी नव्याने ऐकलं.